साक्षीदार एडिसनला, निशाणी शिवाजीनगरला

कोर्टाने साक्ष नोंदवायला कमिशनर म्हणून माझं नाव घातलं ते माझ्या विद्वत्तेमुळे नव्हे. कोविडच्या काळात आमच्या बारमधल्या निम्म्या ज्येष्ठांना व्हीसीची, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सची, लिंक उघडून देण्याचं काम माझ्याकडे आलं होतं आणि तो शिक्का पुढेही बसून राहिला, एवढंच.

दावा वाटपाचा. धाकट्या भावाने वडिलांचं मृत्युपत्र पुढे केलेलं, बहिणींचं म्हणणं ते बनावट. मृत्युपत्र शाबीत करायचं तर त्यावर साक्षीदार म्हणून सही केलेला निदान एक माणूस कोर्टापुढे आणावा लागतो. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ६८, आता भारतीय साक्ष अधिनियमाचं ६७. दोघांपैकी एक साक्षीदार वारलेले. दुसरे मुलाकडे न्यू जर्सीत, एडिसनला. वय ऐंशीच्या पुढे, विमानप्रवासाला डॉक्टरांची मनाई.

अशा माणसाची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही. डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात मुंबईच्या खटल्यासाठी न्यूयॉर्कच्या डॉ. ग्रीनबर्ग यांची साक्ष व्हिडिओवरून घ्यायला मुंबई उच्च न्यायालयाने नकार दिला होता. २००३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. गंमत अशी की पुढे सगळा देशच पडद्यावर आला तेव्हा, ६ एप्रिल २०२० च्या आदेशात, याच न्यायालयाने हात आखडता घेतला. उच्च न्यायालयांचे नियम होईपर्यंत व्हीसी मुख्यतः युक्तिवादांपुरतीच वापरा, दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय पुरावा नोंदवू नका, असं बजावलं. ती सावधगिरी अनाठायी होती असं मला वाटत नाही. युक्तिवादात आवाज तुटला तर वकील वाक्य पुन्हा म्हणतो. उलटतपासात तुटला तर साक्षीदाराला विचार करायला आयती सवड मिळते.

बहिणींचे वकील आमच्याकडचे मुरलेले दिवाणी वकील. "मॅडम, मुलगा टेबलाखाली बसून उत्तरं सांगेल, तुम्हाला दिसणारसुद्धा नाही," असं त्यांनी पहिल्याच तारखेला सुनावलं. म्हणून घरून साक्ष नको, न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत घ्यायची असं ठरलं. तिथला अधिकारी समन्वयक. तो ओळखपत्र तपासणार, साक्षीदाराचा मोबाइल काढून घेणार, मुलाला बाहेर बसवणार. मुलाने मला फोनवर विचारलं होतं, "डिपॉझिशनच ना? मग वकिलाच्या ऑफिसात नाही होणार?" त्याचंही चूक नव्हतं. तिकडे खटला उभा राहण्याआधीच वकील न्यायाधीशाविना साक्षीदाराला प्रश्न विचारतात, रिपोर्टर शब्दन् शब्द टिपतो आणि फेडरल नियमाप्रमाणे साधारणपणे एक दिवस, सात तास, की आटोपलं. सात तासांचं ऐकून आमचे वकीलसाहेब मनापासून हसले.

हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्या साडेदहा तास मागे. तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे इकडचे संध्याकाळचे साडेसात. त्यामुळे आमच्या शिवाजीनगरच्या कोर्टात कामकाज संपल्यावर व्हीसी रूम उघडून घेतली. समोरच्या खोलीत दोन कॅमेरे मागितले होते, एक चेहऱ्यावर आणि एक मागून, अख्खी खोली दिसेल असा. शिवाय साक्षीदाराच्या पाठीमागच्या भिंतीवर सेकंदकाटा असलेलं घड्याळ. माणूस गप्प बसलाय की चित्र अडकलंय, हे एरवी कळत नाही. काटा फिरत असला की कळतं.

लोकांना वाटतं अडचण चेहऱ्याची असते. खरी डोकेदुखी कागदाची. मूळ मृत्युपत्र, निशाणी ४१, इथे. सही ओळखणारा माणूस तिथे. पानापानावर क्रमांक टाकलेला रंगीत स्कॅन दोन्ही वकिलांना दाखवून आधीच पाठवला, तिकडे तो छापून पाकिटात बंद केला आणि ते पाकीट कॅमेऱ्यासमोरच फोडलं. आता वकील "पान तीन, तळाची सही" म्हणाले की साक्षीदाराचं बोट कुठे जातं ते सगळ्यांना दिसत होतं. स्क्रीन शेअर करून कर्सर फिरवला असता तर उत्तर आम्हीच दाखवल्यासारखं झालं असतं. मूळ कागद कोर्टाच्या लिपिकाने डॉक्युमेंट कॅमेऱ्याखाली धरला. साक्षीदार काका चष्मा कपाळावर सरकवून पुढे वाकले. म्हणाले, "शाई निळी आहे. ही माझीच." स्कॅन काळा-पांढरा गेला असता तर हे वाक्य आलं नसतं.

आवाज पोचायला लागणाऱ्या वेळाचीही सोय करावी लागली. हरकत घेईपर्यंत उत्तर येऊन गेलेलं असतं. म्हणून प्रश्न संपला की काकांनी थांबायचं आणि मी मान हलवली की बोलायचं. हरकतींवर निर्णय देणं कमिशनरच्या हातात नसतं. त्या नोंदवायच्या, कोर्ट युक्तिवादाच्या वेळी ठरवतं.

मग तो प्रश्न आला. "मयतांनी तुमच्या देखत सही केली, की तुम्ही गेलात तेव्हा सही झालेलीच होती?" मी मान हलवली. काका बोलेनात. भावाचे वकील म्हणाले, "मॅडम, लाइन गेली." लाइन गेली नव्हती. भिंतीवरचा काटा सरकत होता, काकांचा अंगठा पाकिटाच्या कडेवरून फिरत होता. वीसेक सेकंदांनी ते म्हणाले, "केली. माझ्यासमोरच केली."

टंकलेखकाने आपल्या कोर्टांच्या शिरस्त्याप्रमाणे लिहिलं: "मयतांनी माझ्यासमक्ष सही केली. हे म्हणणे खरे नाही की, मी तेथे जाण्यापूर्वीच सही झालेली होती." दोन ठाम वाक्यं. ती वीस सेकंदं त्यात कुठेच नव्हती. साक्षीदाराच्या वर्तनावर शेरा लिहिण्याची मुभा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ मध्ये कमिशनरला आहे. मी लिहिलं, उत्तरापूर्वी साक्षीदार सुमारे वीस सेकंद थांबले, जोडणी सुरू होती. भावाच्या वकिलांनी लगेच हरकत घेतली: वय झालंय, ऐकू कमी येतं. तीही नोंदवली. त्या थांबण्याचा अर्थ काय, हे मला ठरवायचं नव्हतं. वारलेला मित्र आठवला असेल, नाहीतर सोयीचं उत्तर जुळवत असतील.

साक्षीची प्रत मेलने तिकडे गेली, काकांना वाचून दाखवली, त्यांनी पानापानावर सही करून स्कॅन परत पाठवला. मूळ कागद टपालाने आले. रेकॉर्डिंग सीलबंद पेनड्राइव्हमध्ये अहवालासोबत दाखल झालं. माझं गाऱ्हाणं इथेच आहे. इतका खटाटोप करून चित्र जपायचं आणि युक्तिवादाला सगळे वाचणार टंकलेली पानंच. तसंच करायचं असेल तर कॅमेरा विमानाचं तिकीट वाचवण्यापुरताच.

पडद्यावरच्या साक्षीदारावर ज्यांचा विश्वास नव्हता त्याच वकीलसाहेबांनी आता अर्ज दिलाय: रेकॉर्डिंगमधला त्या वीस सेकंदांचा भाग कोर्टाने स्वतः पाहावा. समोरच्यांचं म्हणणं, सही लेखी साक्षीवर आहे, तेव्हा तीच ग्राह्य धरावी. सुनावणी व्हायची आहे. रेकॉर्डिंगच्या प्रकारची फाइल कोर्टातल्या संगणकावर चालते की नाही, तेवढं मी पाहून ठेवलंय. चालते.