मामांची खतावणी

कॉमर्सच्या विद्यार्थिनीने संगणकाच्या डागडुजीवर लिहावे, हे सायन्सच्या मंडळींना आगाऊपणाचे वाटेल. पण खतावणी ज्या पेटीत राहते तिची चौकशी करणे आपल्याच खात्यातले काम आहे, असे माझे मत मे महिन्याच्या सुट्टीत सौंसरला झाले.

सौंसर मध्य प्रदेशात, नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा निघाला आणि सौंसर तालुका छिंदवाड्यातून त्यात गेला. माझे इथे जसे मराठी-कानडी, तसे मामांचे तिथे घरात मराठी आणि दुकानात हिंदी. दुकान बी-बियाणे आणि खतांचे. कापूस-संत्रेवाले शेतकरी पेरणीला माल उधार नेतात, पीक विकले की पैसे आणून देतात. ही सारी उधारी टॅलीत. ती गेली तर मामांचे येणे बुडेल हे उघडच आहे. पण ज्याने पैसे भरले, त्याने ते भरले हे तरी कशावरून ठरवायचे?

दुकानात तीन संगणक. हिशेब आतल्या खोलीतल्या एकावर. त्याला सगळे सर्व्हर म्हणतात. दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती घालायला माणूस येणार होता. टॅली प्राइमच्या २०२३ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीपासून माहितीची मांडणीच बदलली. एकदा हिशेब नव्या मांडणीत गेला की जुनी आवृत्ती तो उघडू शकत नाही. म्हणून मी तिन्ही यंत्रांवरचे आकडे कागदावर उतरवले. सर्व्हर २.१, गल्ला २.१, गोदाम २.०. आजवर हे बिनबोभाट चालले होते. उद्या एकट्या सर्व्हरचे काम झाले असते तर बाकी दोघांना दार बंद!

बॅकअपचे विचारले तर मामा हसले. “दर शनवारी पेन ड्राइव्हवर घेतो ना आपण, मंग कायले भेते वं पोरी?”

मला गिटलॅब आठवली. जगभरचे प्रोग्रामर आपले काम जिथे ठेवतात अशी ही कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली. बॅकअपच्या पाच तऱ्हा होत्या, वेळेला एकही धड उपयोगी पडेना. त्यांतली एक तर आवृत्तीनेच बुडवली होती: डेटाबेस ९.६ चा आणि त्याची नक्कल काढणारे साधन ९.२ चे. नक्कल निघतच नव्हती, आणि तसे कळवणाऱ्या ई-मेल वाटेतच नाकारल्या जात होत्या. दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत सापडली म्हणून निभावले. मधल्या सहा तासांच्या नोंदी गेल्याच.

रात्री मामांचा पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला लावला आणि बॅकअप कोऱ्या फोल्डरात उतरवला. फाइलवर तारीख शनिवारचीच. आत शेवटची नोंद मात्र मागच्या वर्षीच्या ३१ मार्चची! मागच्या एप्रिलात हिशेबाचे दोन भाग केले होते, तेव्हा यादीत एकाच दुकानाची दोन नावे झाली. मुनीमजी इमानाने दर शनिवारी वरचे नाव निवडत होते, आणि ते जुने होते. त्यांच्या नेमस्तपणाला माझा आजही नमस्कार; एक शनिवार चुकला नव्हता.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग दोन्ही भागांचा बॅकअप घेतला, पुन्हा लॅपटॉपवर उतरवला. व्हाउचरांची संख्या जुळली, तेरीज जुळली. मामांचे तेवढ्याने भागेना. चार शेतकऱ्यांची नावे त्यांनी सांगितली आणि एकेकाची बाकी वाचायला लावली. चौथा गेल्या आठवड्यातच निम्मे पैसे देऊन गेला होता. ती जमा दिसली, तेव्हा कुठे ते जेवायला उठले.

सकाळी माणूस आला. “बैकअप तो है न?” मामांनी त्याला आधी तिन्ही यंत्रांचा कागद दाखवला. काम दुपारपर्यंत आटोपले. नव्या आवृत्तीतून पहिले बिल निघाले, त्यावर जिल्हा अजून छिंदवाडाच होता. तोही त्याच बैठकीत बदलून घेतला.