अंगावर काढणं

दोस्तांनो, आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच औषध. अंगावर काढणं. ताप अंगावर काढला, खोकला अंगावर काढला. आजीनं मरणसुद्धा अंगावर काढलं.

तिची पाळी बंद होऊन दहा वर्षं झाली होती, तरी अंगावरून जायचं. कुणाला बोलली नाही. अंधारात उठून आपलं धुणं धुवायची. बोलली तेव्हा डॉक्टर म्हणाला, उशीर झाला. पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. मी नववीत होतो. शाळा तिथंच सुटली, मागावर उभा राहिलो.

मी कुंभारीत राहतो. आजूबाजूला विडी वळणाऱ्या बायांची हजारो घरं. आईपण विड्याच वळते. पाळीवरून आलो की मी मिळेल ते वाचतो. वाचताना कळलं : शेजारच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. टाटा मेमोरियल आणि बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल त्यात होतं. निकाल २००९ साली छापला. ज्या ३४ हजार बायांना एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीसाठी बोलावलं, त्यांतल्या ३४ जणी या कॅन्सरनं मेल्या. ज्या ३१ हजारांना नुसती माहिती सांगितली, त्यांतल्या ६४.

मी दोनदा हिशेब केला. एका तपासणीनं मरणं निम्म्यावर येतात! आणि डोकं भणाणलं. त्या ६४ जणी कुणाच्या आया होत्या?

हा विषाणू शिरल्यापासून कॅन्सर व्हायला दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढी वर्षं रोग उंबऱ्यावर बसून असतो. तेव्हाच सापडला तर तेवढा भाग जाळून टाकता येतो. म्हणजे आजीकडं वेळ होता. सांगणारं कुणी नव्हतं.

आईला म्हणालो, तपासून घे. पोरानं आईशी हे बोलायचं म्हणजे जीभ जड होते. ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? रोजी बुडंल." म्हणालो, रोजी मी देतो. तशी उसळली, "तू रोज सुताची धूळ गिळतोस. तुझी छाती कोण तपासायचं रं?"

मी गप्प. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळते, हे मी कुणाला बोललो नव्हतो. मालक काढून टाकील ही भीती. मीही आजीचाच नातू.

बाबासाहेब मजूर खातं सांभाळत होते तेव्हा, १९४३ साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायला प्रा. आडारकरांना नेमलं. १९४८ साली कायदा झाला. दवाखाना ही भीक नाही, हक्क आहे, हे आपण सभेत सांगतो. आणि हक्काच्या दारात पाऊल टाकत नाही.

शेवटी दोघं गेलो. मला नळीत फुंकायला लावलं, फोटो काढला. धूळ टाळा म्हणाले. कशी टाळू, ते नाही सांगितलं. ती लढाई कारखान्यात करायची आहे. आईला औषध लावून पाहिलं. पांढरा डाग उठला नाही. पाच वर्षांनी परत बोलावलंय.

बाहेर येऊन ती पायरीवर बसली. म्हणाली, "पाच मिनिटं लागली रं. तुझ्या आजीला कुणी आणलं असतं तर."

दोस्तांनो, जयंतीच्या वर्गणीची यादी घेऊन घरोघर फिरता तेव्हा दुसरी एक यादी करा. वस्तीतल्या तिशीपुढच्या बायांची. पहिलं नाव आपल्या आईचं लिहा.

जयभीम.