थंड पाण्याची बादली

ग्वाल्हेरची थंडी वाचकांस ठाऊक आहेच. पौषात लष्करच्या गल्ल्यांत धुके उतरले की समोरचे घर दिसत नाही. अशा दिवसांतही आमची जुनी मारुती मी स्वतःच धुतो. मुलाला ते पसंत नाही. "बाबा, त्यासाठी माणूस लावू या," असे तो म्हणतो.

या कामाचे काही नियम मी अनुभवाने शिकलो. गच्चीवरच्या टाकीतले पाणी रात्रभर गारठते. बोअरचे ताजे पाणी मात्र कोमट लागते. गारठलेल्या काचेवर कढत पाणी ओतू नये, तडा जाण्याचा संभव असतो. धूळ आधी पाण्याने सोडवावी. कोरडे फडके फिरवल्यास रंगावर ओरखडे उठतात.

परवा बोअरची मोटर बिघडली, म्हणून टाकीचे पाणी घेतले. तिसऱ्यांदा फडके पिळताना बोटे मिटेनात. तेव्हा शिवपुरीचे दिवस आठवले. १९९० च्या सुमारास माझ्या दिमतीस सरकारी जीप होती. सकाळी साडेसातला ती दारात लखलखीत उभी असे. शेजारी ड्रायव्हर, दोन्ही हात काखेत दाबून. ते का, हे मी कधी विचारले नाही. आत बंबात माझ्या स्नानाचे पाणी तापत असे. त्यातली एक बादली बाहेर पाठवावी, हे सुचले नाही. त्याच्या गोपनीय चरित्रावलीत 'कर्तव्यनिष्ठ' हा शेरा मात्र मी दरवर्षी लिहिला.

तो आता हयात नाही. मुलाला एवढेच म्हणालो, "माणूस जरूर लाव, पण आधी त्याच्यासाठी पाणी तापवायची सोय कर."