फाल्गुनातील परागदूत
फाल्गुनात बडोद्याहून पावागडाकडे निघालो, की दुतर्फा पळस पेटलेला दिसतो. आमचे गुजराती शेजारी या फुलाला केसूडो म्हणतात आणि धुळवडीसाठी त्याचा रंग काढतात. या फुलांवर जांभळा शिंजीर झेपावतो. अमेरिकेत हमिंगबर्ड जे कार्य करतात, तेच येथे हा चिमुकला पक्षी करतो. मध प्राशन करताना त्याला पराग चिकटतो. पुढे तो पांगाऱ्यावरही जातो आणि परागांची सरमिसळ होते. परक्या फुलाच्या कुक्षीवर पडलेला पराग वायाच जातो. बीज धरण्यास स्वजातीचा पराग हवा, तोही दुसऱ्या झाडाचा असल्यास उत्तम. म्हणून रस्तारुंदीत एखादाच पळस राखून भागत नाही. शिंजिराच्या झेपेत त्याचा सोबतीही उभा हवा.