चिखलाचा ऋतू

ऋतूंची गणना प्रत्येक संस्कृती आपापल्या सोयीने करते. कालिदासाने ‘ऋतुसंहारा’चा आरंभ ग्रीष्मापासून केला आणि वसंतापाशी तो थांबला, दुर्गाबाई भागवतांनी ‘ऋतुचक्रा’त चैत्रापासून महिन्यांचा माग काढला. या दोन्ही गणनांत ज्याला जागा नाही असा एक ऋतू अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात, न्यू इंग्लंड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात, आहे. तेथील लोक त्याला सरळ ‘मड सीझन’, चिखलाचा ऋतू, असे म्हणतात. मार्च महिन्यात वरचे बर्फ वितळू लागते, पण त्याखालची जमीन अजून गोठलेलीच असते. त्यामुळे वितळलेल्या पाण्याला खाली उतरायला वाट मिळत नाही. ते वरच साचते. कच्च्या रस्त्यांवर मोटारी रुततात, घराघरांच्या दाराशी चिखलाने माखलेल्या बुटांची रांग लागते, आणि कोणी कोणाला भेटले की हवामानाविषयी बोलण्याऐवजी आपल्या वाटेचा चिखल किती खोल आहे याविषयी बोलते.

पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील एका विद्यापीठात अभ्यागत प्राध्यापक म्हणून माझा हा दुसरा वसंत. या चिखलाच्या दिवसांत गावातील कितीतरी घरांत एक लगबग सुरू होते. तिचा संबंध शेतीशी नाही, गोल्फशी आहे. तळघरांतून थैल्या वर येतात, काठ्या पुसल्या जातात, आणि मैदान केव्हा उघडणार याची चौकशी टपालकचेरीपासून ग्रंथालयापर्यंत सर्वत्र चालते. तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासिकेने गोल्फविषयी लिहावे याचे या पानांच्या वाचकांना नवल वाटेल. हा खेळ धनिकांचा आणि निवृत्त सेनाधिकाऱ्यांचा, अशी आपली समजूत आहे आणि आपल्या देशापुरती ती फारशी खोटीही नाही. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा; ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना मानला जातो. म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघण्याच्याही तीन वर्षे आधी हा खेळ आपल्या भूमीवर येऊन बसला होता. इतक्या दीर्घ सहवासानंतरही आपल्या साहित्यात तो जवळजवळ नाही. जेथे आहे तेथे पात्राची श्रीमंती दाखविण्यापुरता आहे.

माझा या खेळाशी संबंध कुंपणाच्या दुसऱ्या बाजूने जडला. माझे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, देशावरच्या छावणीच्या एका शहरात एकतीस वर्षे कॅडी होते. दुसऱ्याच्या काठ्यांची थैली खांद्यावर घेऊन अठरा होल चालायचे, चेंडू कोठे पडला ते पाहून ठेवायचे, काठी पुसून परत द्यायची, आणि विचारले तरच मत सांगायचे, हे त्यांचे काम. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या व्यवसायाचा रकाना भरताना तेथील कारकुनांनी आण्णांचा शब्द दोनदा ऐकला आणि अखेर ‘नोकरी’ एवढेच लिहिले. पुढे अभ्यासाच्या निमित्ताने या शब्दाची कुळकथा माझ्या हाती आली. फ्रेंचमधील ‘कादे’ म्हणजे घरातील धाकटा मुलगा. मग सैन्यात उमेदवारी करणारा तरुण. स्कॉटलंडमध्ये पोचेपर्यंत रस्त्यावर निरोप आणि ओझी पोचविणारा हरकाम्या. आणि तेथून गोल्फच्या मैदानावर थैली वाहणारा. एखादा शब्द प्रवासात पायरीपायरीने कसा खाली उतरतो याचे उदाहरण म्हणून मी तो वर्गात सांगते. ‘कॅडेट’ हा त्याचाच सख्खा भाऊ मात्र प्रतिष्ठित राहिला, हेही सांगते.

आण्णांच्या मैदानाला हिवाळ्याची सुट्टी नव्हती. त्यांची सुट्टी पावसाळ्याची. आषाढ-श्रावणात मैदानावर पाणी उभे राही, खेळणारे फिरकत नसत आणि रोजावर जगणारांची चूल मंदावे. भाद्रपद सरताना तयारी सुरू होई. लाकडी डोक्यांच्या काठ्या तेव्हा अजून वापरात होत्या. दमट हवेने त्या फुगत, त्यांना जवसाचे तेल चोळावे लागे. चामड्याच्या मुठींवर बुरशी चढलेली असे. खंडेनवमीला ज्याने त्याने आपल्या हत्यारांची पूजा करावी हा आपला रिवाज. सुतार करवतीची करतो, शिंपी यंत्राची. कॅडी मंडळींच्या हाती स्वतःचे असे हत्यार नव्हते. ते मालकांच्या थैल्या झाडाखाली ओळीने मांडीत, प्रत्येक थैलीतील एक काठी बाहेर काढून तिला हळदकुंकू वाहात, आणि संध्याकाळपूर्वी ते पुसून टाकीत. कारण दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी साधून साहेब खेळायला येत. त्या काठीने चेंडू मारण्याची मुभा मात्र त्यांना फक्त सोमवारी होती, मैदान बंद असताना.

गवतही आपले होते. उष्ण प्रदेशांतील मैदानांवर जगभर जे गवत लावतात ते आपली हरळी किंवा तिच्या संकरातून निघालेल्या जाती. गणपतीला वाहतो ती दूर्वा तीच. तुडवा, कापा, उन्हात जाळा, मुळी शिल्लक असली की ती पुन्हा वर येते. त्यामुळे मैदान मरते ही कल्पनाच आण्णांना नवी होती. मी ती त्यांना दूरध्वनीवर सांगितली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

येथील गवत निराळे. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या त्या तुळतुळीत चकतीवर, बेंटग्रास लावतात आणि त्यात न बोलावता ‘पोआ’ नावाचे दुसरे एक गवत शिरते. दोन्ही थंडीत झोपतात. भुसभुशीत बर्फाचे त्यांना भय नाही, उलट ते त्यांचे पांघरूण. भय असते ते घट्ट हिमाच्या थराचे. हिवाळ्याच्या मध्यावर पाऊस पडून लगेच थिजला तर ग्रीनवर काचेसारखे झाकण बसते, आतले वायू आत कोंडतात आणि काही आठवड्यांनी गवत गुदमरू लागते. पोआ आधी जाते, बेंटग्रास बराच काळ तग धरते. त्याहून घातक असतात ते फेब्रुवारी-मार्चचे फसवे दिवस. चार दिवस ऊन पडते, मुळावरचा कोंब जाग येऊन पाणी पितो, आणि पाचव्या रात्री पारा कोसळतो. प्यालेले पाणी पेशींच्या आतबाहेर गोठून त्यांना फोडते. या सगळ्यावर पुन्हा बर्फाखाली वाढणाऱ्या बुरशीचे करडे आणि गुलाबी चट्टे. बर्फ उठेपर्यंत यांपैकी काहीच डोळ्यांना दिसत नाही.

गावच्या मैदानाचे राखणदार (येथे त्यांना सुपरिंटेंडंट असे भारदस्त नाव आहे, आणि या विषयाचे रीतसर शिक्षण आमच्याच विद्यापीठातील स्टॉकब्रिज कृषिशाळेत दिले जाते) मला फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांच्या अवजारघरात घेऊन गेले. खिडकीतल्या फळीवर वाडग्याएवढे मातीचे गट्टू ओळीने ठेवलेले होते आणि प्रत्येकावर ग्रीनचा क्रमांक चिकटवलेला. गोठलेल्या ग्रीनमधून पहारीने तुकडा कापायचा, उबेला ठेवायचा, पाणी द्यायचे आणि तो हिरवा होतो का ते पाहायचे. दहा-बारा दिवसांत बहुतेक तुकड्यांवर हिरवी लव आली. सातव्या क्रमांकाचा तुकडा पेंढ्यासारखाच राहिला. ते गृहस्थ रोज सकाळी आधी त्या तुकड्याकडे पाहात, मग कॉफी ओतून घेत. जमीन तापल्याशिवाय नवे बी रुजत नाही आणि जमीन तापायला मे उजाडतो. तोवर सातव्या होलला तात्पुरते ग्रीन, म्हणजे अलीकडच्या मैदानात कापलेली एक चौकट आणि तीत खोचलेला झेंडा. त्यांच्या वर्षभराच्या कामाचा निकाल या तीन आठवड्यांत लागत होता, आणि खेळणारे मात्र केव्हा उघडणार एवढेच विचारीत होते.

वाट पाहणे ज्यांना जमत नाही अशांमध्ये एक मोठे नाव आहे, आणि ते मुंबईत जन्मलेल्या माणसाचे आहे. रुडयार्ड किपलिंग १८९२ ते १८९६ या काळात येथून उत्तरेला, व्हरमाँटमधील ब्रॅटलबरोजवळ राहात होते. तेथे बांधलेल्या घराला त्यांनी नाव दिले ‘नौलखा’. ‘द जंगल बुक’ त्याच मुक्कामात लिहिले गेले. १८९४ च्या नोव्हेंबरात आर्थर कॉनन डॉइल पाहुणे म्हणून आले आणि त्यांनी किपलिंगना गोल्फचे धडे दिले. बर्फात चेंडू दिसेना म्हणून किपलिंग ते तांबडे रंगवून खेळत. जमीन तयार नसली तरी आपला खेळ थांबू न देण्याचा हा स्वभाव त्यांच्या इतर लेखनाशी विसंगत नाही असे मला वाटते. पण तो विषय वेगळा, आणि माझे विद्यार्थी त्यावर माझ्याशी भांडतात.

मला हा खेळ गेल्या वर्षी आमच्या विभागातील एका निवृत्त प्राध्यापकांनी शिकवला. मध्ययुगीन फ्रेंच काव्य हा त्यांचा विषय. ‘कादे’ची कुळकथा ऐकून त्यांनीच मला मैदानावर ओढले. डिसेंबरात त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. जानेवारीत ते घरातल्या घरात चालत, फेब्रुवारीत टपालपेटीपर्यंत, मार्चमध्ये चर्चच्या चढावापर्यंत. वय अठ्ठ्याहत्तर. पहिल्या होलचा चढ चर्चच्या चढाएवढाच आहे, असे ते प्रत्येक भेटीत सांगतात. यंदा खेळता आले नाही तर काय, हा प्रश्न ते स्वतः काढीत नाहीत आणि मीही काढीत नाही. माझी मुदत मे अखेर संपते. ज्या हंगामाची ही तयारी आहे त्याचे मला फार तर सात आठवडे मिळतील.

काठ्यांची तयारी आण्णांनी दूरध्वनीवरून करून घेतली.

“पाणी कोमट घे. कढत नको, जोडाचा डिंक सुटतो. साबण थोडाच. जुना दात घासायचा ब्रश आहे का?”

“आहे, आण्णा.”

“खाचा एकेक करून घास. खाचेत माती राहिली की चेंडू धरत नाही, घसरतो. आणि मुठी?”

“गुळगुळीत झाल्यात.”

“मग आधी धुऊन बघ. नाहीच तर बदल. मूठ घट्ट आवळावी लागली की सगळा हात आवळतो.”

पुढे त्यांनी सांगितले की पहिले पंधरा दिवस लांबचे फटके मारू नयेत. दहा पावलांवरून होलकडे चेंडू ढकलावा, मग तीस, मग पन्नास. साहेब लोक पावसाळ्यानंतर पहिल्याच दिवशी सगळ्यांत लांब काठी मागत आणि आठवडाभर पाठ धरून बसत, हेही सांगितले. एकतीस वर्षे विचारल्याशिवाय मत न देणाऱ्या माणसाकडे इतकी मते साठलेली असतील याची मला कल्पना नव्हती.

या राज्यात १ एप्रिलपासूनचे गुणच खेळाडूच्या हँडिकॅपसाठी धरले जातात; त्याआधी तुम्ही मैदानावर उतरलात तरी ते खेळणे दप्तरी लागत नाही. २०२० पासून जगभर रूढ झालेल्या पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी उत्तम आठ घेतात. चेंडू पडला असेल तेथूनच, तसाच मारावा, हा या खेळाचा मूळ धर्म. पण चिखलाच्या दिवसांत चेंडू उचलून, पुसून, जवळच ठेवण्याची मुभा स्थानिक नियमाने देता येते. जुने खेळाडू तिला हिवाळी नियम म्हणतात. निवृत्त प्राध्यापकांना ही मुभा मान्य नाही. गुडघ्याच्या बाबतीत ते थोडी सवलत घेतात, चेंडूच्या बाबतीत नाही.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मैदान उघडले. सकाळी सातला आम्ही पोचलो तेव्हा गवतावर दहिवर गोठलेले होते. अशा गवतावर पाऊल टाकले की पात्यातील बर्फाचे कण पेशी फोडतात आणि दोन दिवसांनी पावलांचे ठसे तपकिरी होऊन उमटतात. म्हणून ऊन चढेपर्यंत कोणालाही सोडत नाहीत. वीसएक माणसे हातात कागदी पेले घेऊन उभी होती. त्यांत एक विद्यार्थी होता, जो उन्हाळ्यात थैल्या वाहून शिकतो आणि ज्याला शिष्यवृत्ती मिळाली आहे ती फ्रान्सिस विमेट यांच्या नावाची. विमेट बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनचे, लहानपणी कॅडी. घरासमोरच्याच मैदानावर १९१३ साली विसाव्या वर्षी त्यांनी अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. कॅडींसाठीचा निधी १९४९ सालचा आहे. १९९१ साली कॅडी म्हणून या खेळात आलेल्या अली शेर यांनी इंडियन ओपन जिंकली तेव्हा आण्णांनी वर्तमानपत्रातला तो फोटो कापून पत्र्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता, हे मी त्या मुलाला सांगितले. त्याने पेटी केवढी होती ते विचारले.

साडेनऊला सोडले. पहिल्या होलच्या चढावर प्राध्यापक दोनदा थांबले, चेंडू शोधण्याच्या निमित्ताने. सातव्या होलला आम्ही तात्पुरत्या चौकटीत खेळलो. पलीकडे खऱ्या ग्रीनवर दोरी बांधलेली होती आणि राखणदार गुडघ्यांवर बसून बोटांनी माती दाबून पाहात होते.

रात्री आण्णांना सगळे सांगितले. गुण त्यांनी विचारलेच नाहीत.

“थैली कुणी उचलली?”

“माझी मीच. इथं बहुतेक सगळे आपापलीच उचलतात.”

“कुठल्या खांद्यावर घेतलीस?”

“डाव्या.”

“होल बदलला की खांदाही बदलत जा,” ते म्हणाले. “मी बदलला नाही. आता शिंपी सदऱ्याचं माप घेताना दोन्ही बाजू वेगळ्या मोजतो.”