गाडीतला श्वास

हिमाचलमधल्या काझाहून फोन आला तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. "दादा, गाडी गळतेय," काकू सांगत होत्या. "पहाटे तोंडावर थेंब पडले. गादी उचलून बघितली तर खालून चिंब." मी पावसाचं विचारलं. आकाश निरभ्र होतं आणि बाहेर ठेवलेल्या बादलीतलं पाणी गोठलं होतं. साताऱ्याच्या या निवृत्त जोडप्याची गाडी मीच बांधली होती. छताला पंखा बसवायचा तर पत्र्याला १४ इंची चौकोनी भोक पाडावं लागतं. ते त्यांना नको होतं आणि मीही आग्रह धरला नव्हता. छत शाबूत होतं. दोघांचा रात्रभराचा श्वास थंड पत्र्याला लागून पाणी होत होता आणि तेच पाणी पहाटे त्यांच्या अंगावर पडत होतं.

भोसरीच्या शेडमध्ये मी ट्रॅव्हलर गाड्यांच्या कॅम्पर व्हॅन करतो. त्याआधी बरीच वर्षं एसीच्या डक्टचं काम केलं. त्यामुळे लोक सोलर, बॅटरी, फोल्डिंग पलंग यांबद्दल विचारतात तेव्हा मी आधी पाण्याचा हिशेब मांडतो. टाकीतल्या पाण्याचा नव्हे, हवेतल्या.

झोपलेलं माणूस श्वासातून आणि कातडीतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी सोडतं. दोघांची आठ तासांची झोप धरली तर ते सहाशे ग्रॅमच्या वर जातं. कपाटं, पलंग वजा केले की गाडीत उरते १०-१२ घनमीटर हवा. १५ अंशांना एका घनमीटरमध्ये जेमतेम १३ ग्रॅम वाफ मावते. म्हणजे दीडशे ग्रॅममध्ये अख्खी गाडी तुडुंब. उरलेलं जवळजवळ अर्धा लिटर पाणी जिथे सर्वांत गार जागा मिळेल तिथे बसतं: काचेवर, उघड्या राहिलेल्या लोखंडी रिबवर, स्क्रूच्या डोक्यावर, गादीच्या बुडाशी.

त्यात स्वयंपाक. एक किलो गॅस जळला की ज्योतीतूनच दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. भाताची वाफ वेगळी. ग्राहकाला हे खरं वाटत नाही. मग मी गार, कोरडं पातेलं पेटत्या शेगडीवर क्षणभर धरतो आणि लगेच उलटं करून दाखवतो. बुडाला दव आलेलं असतं. थंडी वाजते म्हणून काकू रात्री शेगडी पेटवून बसायच्या, हे त्या फोनवरच कळलं आणि माझ्या पोटात गोळा आला. ओल वाढते हे एक; पण बंद गाडीत प्राणवायू कमी पडत गेला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि त्याला वास नसतो. शेगडी फक्त स्वयंपाकासाठी, तीही खिडकी उघडी ठेवून. ऊब हवी तर डिझेल हीटर घ्यावा. त्याचा जाळ आतल्या हवेपासून वेगळा असतो आणि धूर नळीने गाडीबाहेर जातो.

"आता समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा," मी म्हटलं. "एवढ्या थंडीत?" हो, थंडीत तर नक्कीच. उणे पाच अंशांच्या हवेत घनमीटरला तीन ग्रॅमच्या आसपासच वाफ असते. ती आत येऊन तापली की कोरडीठाक होते आणि ओल घेऊन बाहेर पडते. तासाभरात गाडीतली हवा दीड-दोनदा बदलली तरी दोघांच्या श्वासाचं पाणी निघून जातं. झुळूक पुरते, वारा लागत नाही.

हाच सल्ला जुलैत गुहागरला दिला तर मात्र नुकसान होतं. तिथे बाहेरच्याच हवेत घनमीटरला २३ ग्रॅम वाफ असते. काडेपेटी सादळते, मिठाला पाणी सुटतं, त्या हवेला खिडकी उघडून गाडी कशी वाळणार? हे मी एक गाडी नासवून शिकलो. थंड मुलखातल्या पद्धतीप्रमाणे मी तिच्या भिंतीत काचलोकर भरली होती आणि वर, आतल्या बाजूने, प्लास्टिकचा कागद ताणला होता. बर्फात तो कागद आतली वाफ अडवतो. रत्नागिरीच्या त्या मालकांनी पावसाळाभर एसी १८-२० वर चालवला. कागद आतून गार पडला, दारांच्या पोकळीतून दमट हवा भिंतीत शिरली आणि कागदाच्या मागच्या अंगाला पाणी धरलं. दसऱ्यानंतर मी पॅनेल उघडलं, तर लोकर पिळता येत होती आणि प्लायवर काळी बुरशी पसरली होती. तो कुबट वास आठवला की अजून अस्वस्थ होतो. सगळं उपसून मी स्वखर्चाने पुन्हा केलं.

तेव्हापासून लोकर बंद, कागद बंद. नायट्राइल रबराचा बंद पेशींचा फोम थेट पत्र्याला चिकटवायचा, मागे पोकळी ठेवायची नाही, रिबसुद्धा झाकायच्या. दाराच्या तळाशी पाणी निघायची भोकं असतात, ती मात्र कधीच बुजवायची नाहीत. कोकणात एसी २६-२७ वर ठेवायचा, स्वयंपाक बाहेर ताडपत्रीखाली करायचा, ओला रेनकोट आत आणायचा नाही.

आजीच्या घरी काडेपेटी चुलीवरच्या फळीवर असायची. चूल दिवसभर धुमसत राहायची, ऊब माळ्यावर चढायची आणि कौलांच्या फटींतून ओल घेऊन निघून जायची. ते घर चहूबाजूंनी श्वास घेत होतं. पत्र्याच्या डब्याला तशा फटी नसतात. त्या विचार करून द्याव्या लागतात.

जानेवारीत काका-काकू गाडी घेऊन आले. या वेळी मी ऐकलं नाही. शेगडीजवळ छत कापून १२ व्होल्टचा पंखा बसवला, पलंगामागे खाली जाळी लावलेली झडप ठेवली, म्हणजे हवा खालून आत येईल आणि वरून बाहेर जाईल. प्लायचा पलंग काढून लाकडी पट्ट्या टाकल्या, गादीखाली आर्द्रतेचा छोटा मीटर ठेवला. पुढच्या ऑक्टोबरात काकूंनी काझाहूनच त्याचा फोटो पाठवला: ५८ टक्के. गादी कोरडी होती.

काकांची तक्रार आहे. पंखा सर्वांत कमी वेगावर ठेवला तरी त्याच्या घरघरीने त्यांची झोप मोडते, मग ते मध्यरात्री उठून तो बंद करतात आणि सकाळी काचा ओल्या. तक्रार रास्त आहे. चौकटीखाली रबराचे वॉशर घालून बघितले, थोडा फरक पडला. पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा येतेय. या वेळी पातं काढून तोल तपासणार आहे.