तंजावरच्या भिंतीवरील मराठी

कावेरीच्या पाण्यावर पोसलेल्या भातशेतांतून तंजावरास येतां येतां एक शिखर डोळ्यांत भरतें. तामीळ लोक त्या देवालयाला ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठें देऊळ, एवढेंच म्हणतात. आणि तें पाहिल्यावर दुसरें नांव सुचतहि नाहीं. राजराज चोळानें बृहदीश्वराचें हें मंदिर इ. स. १०१० मध्यें पुरें केलें. शिखराची उंची सुमारें २१६ फूट. त्याची सावली जमिनीवर पडत नाहीं असें वाटाडे सांगतात. आम्हीं तर दुपारीं चार वाजतां त्याच सावलींत बसून डबा सोडला.

मंदिराच्या जोत्यावर तामीळ लेखांच्या ओळीच ओळी आहेत. प्रथम राजानें दिलेलीं दानें, मग त्याच्या थोरल्या बहिणीचीं, आणि नंतर राण्यांचीं! हा क्रम ऐकून आमच्या वहिनी नणंदेकडे पाहून मनसोक्त हंसल्या. देवाच्या सेवेंतील ४०० नर्तकींचीं नांवें व त्यांचीं घरें कोणत्या आळींत तें देखील तेथें नोंदलेलें आहे.

परंतु महाराष्ट्रीय यात्रेकरूचा पाय अडतो तो प्राकाराच्या नैर्ऋत्य भागांत. तेथें भिंतीवर चक्क मराठी आहे. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनीं १६७५ च्या सुमारास येथें राज्य स्थापिलें. त्यांच्याच घराण्यांतील दुसरे सरफोजी १७९८ मध्यें गादीवर बसले, आणि पुढच्याच वर्षीं तहानें राज्याचा कारभार कंपनी सरकारच्या हातीं गेला. उरली गादी, वाडा आणि सरस्वती महालांतील ग्रंथ. त्या ग्रंथांचा संग्रह राजांनीं हौसेनें वाढविला; आणि १८०३ मध्यें आपल्या चिटणिसाकडून, बाबूरायाकडून, भोसले वंशाची हकीकत लिहवून या भिंतीवर कोरविली. त्यांतील जुन्या काळचा भाग इतिहासकारांना तपासूनच घ्यावा लागतो. तरीहि, ज्याच्या हातीं राज्य राहिलें नव्हतें त्यानें आठशें वर्षांपूर्वींच्या परक्या राजाच्या देवळांत आपल्या पूर्वजांना जागा करून दिली, हें पाहून मन कांहींसें कातर होतें.

भोसल्यांचें राज्य १८५५ मध्यें पुरतें खालसा झालें. मराठी मात्र गेली नाहीं. तामीळ हरिकथेंत साकी, दिंडी, ओवी हीं आपलीं वृत्तें शिरलीं तीं येथूनच. सांबार हें नांव संभाजीराजांवरून पडलें ही कथाहि मोठ्या अभिमानानें ऐकवितात. तिला इतिहासाचा आधार नाहीं, पण आग्रहानें वाढणाऱ्याशीं वाद कसला घालावयाचा!

हें वाढणारें घर वाड्याजवळच्या एका देशस्थ कुटुंबाचें. पिढ्यान्‌पिढ्या तेथेंच राहिलेलें. बोलणें मराठी, पण चाल तामीळ. पहिल्या पानावर आम्हांस निम्मेंच उमगलें, दहींभातापर्यंत सारें उमगूं लागलें. घरांतील आजींना लिहितां-वाचतां येतें तें फक्त तामीळ. नातू हिंदीच्या परीक्षेपुरती देवनागरी शिकला आहे. परंतु जुन्या मराठीचा अर्थ त्याला लागत नाहीं. देऊळ घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि तो लेख दोघांपैकीं कोणीहि कधीं वाचलेला नव्हता.

“आजी, उद्यां आमच्याबरोबर चला ना,” वहिनी म्हणाल्या.

“मला काय वाचतां येतें, बाई? देवाला येतें, चला.”

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं दर्शन आटोपून आम्हीं त्यांना भिंतीपाशीं नेलें. नातू बोट ठेवून एकेक अक्षर लावीत वाचूं लागला. प्रथम आजी नुसत्या ऐकत होत्या. मग एका वाक्यापाशीं त्यांनीं त्याला थांबविलें, “पुन्हा वाच रे,” म्हणाल्या, आणि त्याचा अर्थ त्याला तामिळांत समजावून दिला. तेथून पुढें ती रीतच पडली. तो वाची, त्या सांगत. अडलेल्या चार-दोन शब्दांपुरती आमचीहि गरज लागली.

दिवेलागण झाली, अक्षरें दिसेनाशीं झालीं, तेव्हां लेखाचा आरंभच कोठें संपत आला होता. आजींनीं उरलेल्या भिंतीकडे पाहिलें आणि नातवाला विचारलें, “उद्यां शाळा किती वाजतां सुटते रे?”